फळांचा सुकाळ आणि मिठाचा कर

भिवंडी म्हटले की आज डोळ्यांपुढे येते ती यंत्रमागांची घरघर आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेली गोदामे. साऱ्या देशाचा माल येथे येऊन पडतो, महिनोन्‌महिने राहतो आणि मागणी येईल तसा बाहेर जातो. याच भिवंडीच्या पंचक्रोशीत एके काळी साठवण या शब्दाचा अर्थ अगदी घरगुती होता. अंगणातल्या चटईवर वाळणारी आंब्याची साठे, माळ्यावरचे आंबोशीचे मडके आणि फडताळात दादरा बांधून ठेवलेली लोणच्याची बरणी, एवढाच त्याचा पसारा. गडकोट, लढाया आणि तह यांचा हिशेब आपल्या इतिहासकारांनी चोख ठेवला आहे. बरणीचा हिशेब मात्र कोणी ठेवावा असे कोणाला वाटले नाही. खरे पाहता राज्यकर्ता आणि रयत यांचे नाते जितके तहनाम्यात दिसते, तितकेच ते या बरणीतही दिसते.

भिवंडी हे मुळात बाजाराचे गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला शहापूर-वाड्याकडचे रान. घाटावरून उतरणारा माल आणि समुद्रातून वर येणारा माल यांची गाठ कल्याण-भिवंडीला पडे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली हा मुलूख घेतला आणि येथल्या खाडीवर आपल्या आरमाराचा पाया घातला, तो या मोक्याच्या जागेमुळेच. रान आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात घरोघर परसू असे. परसात आंबा, फणस, चिंच, केळी. आणि रानात करवंद, जांभूळ, मोह.

या सर्व झाडांची एक खोड सारखीच आहे. ती देतात तेव्हा एकदम देतात. वैशाख अर्धा सरला की आंबा पिकू लागतो, फणस फुटू लागतो, पाठोपाठ करवंदे आणि जांभळे येतात. रायवळ आंब्याचे जुने झाड एकदा धरले म्हणजे घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि गुराढोरांना पुरूनही खाली सडा पडलेला असतो. बाजारात न्यावे तर प्रत्येकाच्या पाटीत तेच. आणि जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो. पाऊस पडू लागला की वाळवण संपले, वाट संपली, हवेत बुरशी आली. म्हणजे हा सारा सुकाळ सावरायला घरच्या बाईच्या हाती जेमतेम तीन-चार आठवडे. पुढचे चार महिने चूल ओली, भाजी महाग आणि भाताबरोबर खायला जे काही असेल ते या तीन आठवड्यांत घातलेले. आंबा वाया जाऊ देऊ नये ही केवळ काटकसर नव्हती. ती पावसाळ्याची बेगमी होती.

ही विद्या फार जुनी आहे. गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकाच्या मध्याला गोव्यात राहत होता. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते, आणि तेथल्या आपल्या बागेत वर्षातून दोनदा फळणारा आंबा असल्याचे त्याने मोठ्या कौतुकाने नोंदले आहे. त्याचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ गोव्यात १५६३ साली छापला गेला. त्यात आंब्याचे गुण सांगताना तो टिकवण्याच्या रीतीही येतात : साखरेत घातलेला, शिरक्यात घातलेला, मीठ-तेलात घातलेला आणि पोटात ओले आले व लसूण भरलेला. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर लोणचे आणि मुरंबा हे दोन्ही पूर्ण वाढलेले होते. पोर्तुगीजांनी दिली ती वेगळी गोष्ट, कलमाची. हापूस आणि पायरी ही नावेच त्या काळाची साक्ष देतात. पण कलमी आंबा जन्मापासून बाजाराचा; त्याची अढी लागते, डझनाने भाव होतो. घरात ज्याचा ढीग साचतो तो रायवळ. कोकणी बाईची सारी कला या रायवळापायी वाढली आहे.

त्या कलेची साधने चारच : ऊन, मीठ, गोडवा आणि तेल. काम एकच, फळातले पाणी काढून घ्यायचे किंवा ते कुजणीच्या उपयोगाचे राहू द्यायचे नाही. फ्रान्समध्ये निकोला आपेर याने हवाबंद बाटलीत अन्न उकळून टिकवण्याची युक्ती १८१० साली जाहीर केली, आणि ती का साधते हे पाश्चरने पुढे कित्येक वर्षांनी उलगडले. आपल्याकडे कारण ठाऊक नसतानाही हात बिनचूक चालत होते. ओला चमचा बरणीत घालायचा नाही, वर तेलाचा तवंग राहिला पाहिजे, फोडी पुसून कोरड्या करायच्या, हे नियम शास्त्राने मागाहून खरे ठरवले.

पण या चार साधनांत एक उतरंड आहे, आणि ती पाहिल्याखेरीज विषय समजत नाही. ऊन फुकट. म्हणून गरिबाची पहिली धाव उन्हाकडे. रस ताटात पसरून, थरावर थर देत वाळवला की साठे झाली. बरक्या फणसाच्या गऱ्यांची तशीच पोळी. आठळ्या वाळवून ठेवल्या की पावसाळ्यात भाजीला झाल्या. उन्हाच्या कर्तबगारीचा उत्तम नमुना भिवंडीहून फार दूर नाही. वसईजवळच्या आगाशी भागात राजेळी केळ्यांची सुकेळी करतात. घड पिकवायचा, साले काढायची, केळी दिवसभर मांडवावर उन्हात ठेवायची आणि रात्री पाने-चटयांखाली झाकून घाम येऊ द्यायचा. असे आठवडाभर केले की केळे आक्रसून तांबूस, चिवट आणि मधासारखे गोड होते. मग सुक्या केळीच्या पानात त्याच्या मोळ्या बांधतात. ना मीठ, ना साखर. मात्र एवढे निवांत आठ दिवस केळीला मिळतात, कारण तिचा हंगाम पावसाळ्यानंतरच्या कोरड्या हवेतही असतो. शिवाय वसईला खाडीतून पडाव होते आणि १८६४ साली रेल्वे आली, म्हणून सुकेळी मुंबईच्या बाजारात पोचली. मृगाच्या तोंडावर पिकणाऱ्या आंब्या-जांभळाला हे भाग्य नाही. आणि भिवंडी गावाला तर आगगाडी विसाव्या शतकाच्या शेवटच्या भागात, दिवा-वसई मार्गाने भेटली.

उतरंडीच्या वरच्या टोकाला साखर. गूळ घरचा असेल तर गुळांबा. साखरांबा आणि मुरंबा हे खाऊनपिऊन सुखी घरचे. साखरेला आपण पूर्वी मोरस म्हणत असू, ते मॉरिशसवरून. ती परदेशाहून येणारी आणि पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. तेलही स्वस्त नव्हे. मग सामान्य घराला काय उरले? ऊन आणि मीठ. कैरीच्या फोडींना मीठ लावून वाळवलेली आंबोशी; कोकमाची साले त्याच्याच खारवलेल्या रसात पुनःपुन्हा भिजवून वाळवलेली आमसुले; खाऱ्या पाण्यात मुरणाऱ्या सबंध कैऱ्या. कातकरी-वारली पाड्यापासून ब्राह्मणआळीपर्यंत सर्वांच्या साठवणीत समान असलेली विकत घ्यायची वस्तू एकच, मीठ.

आणि मीठ पिकते कोठे? याच खाडीच्या काठी. भाईंदर, वसई, उरणची मिठागरे उन्हाळाभर पांढरी होतात. आगरी समाजाचे नावच मुळी या आगरांवरून पडलेले. ज्या उन्हात आंबा पिकतो त्याच उन्हात मीठ पिकते, हा निसर्गाने जुळवून दिलेला योग होय. त्या योगाच्या मध्ये सरकारी चौकी येऊन बसली. मुंबई इलाख्यात १८३७ साली मिठावर मणाला आठ आणे कर बसला. तो वाढत वाढत १८८८ साली अडीच रुपयांवर गेला. मणाचे शेर चाळीस आणि अडीच रुपयांचे आणेही चाळीस. म्हणजे शेराला एक आणा निव्वळ कर, मिठाची किंमत निराळी. परवान्याशिवाय मीठ करणे हा तर गुन्हाच. आमटीतल्या चिमूटभर मिठाला हा कर कदाचित जाणवला नसेल. पण साठवणीला मीठ चिमटीने लागत नाही, शेराने लागते. आणि तेही वर्षातल्या एकाच महिन्यात, जेव्हा पेरणीपूर्वी शेतकऱ्याचा हात सर्वांत रिकामा असतो. बियाणे घ्यायचे की मीठ, असा तो प्रश्न. ज्या घराने मीठ टाळले त्या घरचे आंबे झाडाखाली सडले, असे कोणत्याही अहवालात लिहिलेले सापडणार नाही. परंतु हिशेब मांडून पाहिला तर दुसरे काय घडले असणार?

रानातल्या सुकाळालाही असाच लगाम होता. मोहाच्या फुलांची दारू होते या कारणाने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी १८९२ साली खास कायदा करून मोहफुलांवर निर्बंध आले. दारूबरोबर अन्नालाही उपयोगी पडणारे ते फूल होते. झाडाने दिले आणि कायद्याने अडवले, असा हा प्रकार.

मिठाच्या कराविरुद्ध आपल्याकडचा आवाज दांडीयात्रेच्या पुष्कळ आधीचा आहे. नामदार गोखल्यांनी १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळातील अर्थसंकल्पावरील भाषणात हा कर कमी करण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी तो दोन रुपयांवर आला. १९३० साली वडाळ्याची आणि शिरोड्याची मिठागरे सत्याग्रहाची रणांगणे झाली. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मीठ पिकणाऱ्या भागातील गावांना घरच्या वापरापुरते आणि त्याच गावांत विकण्यापुरते मीठ करण्याची मोकळीक मिळाली. खाडीकाठच्या गावाची सोय झाली. परंतु मीठ गावाबाहेर नेऊन विकायचे नाही, हीच त्यातली मेख. मिठाची खरी गरज वरच्या रानातल्या पाड्यांना, आणि तेथे ते कर भरूनच पोचायचे.

याच सरकारचे दुसरे रूप पाहण्यासाठी थोडे दूर, विलायतेस जावे लागेल. १९४० साली महायुद्ध ऐन रंगात, साखर शिधापत्रिकेवर आणि इंग्लंडच्या खेड्यांतल्या परसबागांत प्लमची झाडे लगडलेली. तेथल्या गृहिणींपुढे तोच प्रश्न होता, जो भिवंडीच्या गृहिणीपुढे दर वैशाखात असे. त्या वेळी विमेन्स इन्स्टिट्यूट या ग्रामीण महिला मंडळांना सरकारने मुरंब्यासाठी खास साखर मिळवून दिली. गावोगाव सभागृहांत, शाळांत, घरांच्या स्वयंपाकघरांत केंद्रे निघाली आणि युद्धकाळात पाच हजार टनांहून अधिक फळे वाया जाता जाता वाचली. त्या स्त्रियांचे श्रम थोर, त्यांच्याबद्दल आकस नाही. पण एकाच राजमुकुटाखालच्या दोन स्वयंपाकघरांतला फरक नजरेआड कसा करावा? तेथे सुकाळ वाचवण्यासाठी सरकारने टंचाईतली साखर पुरवली. येथे सुकाळ वाचवणाऱ्या मिठावर कर चालूच राहिला. तो उठला १९४७ साली.

त्यानंतर साधनांची उतरंड भराभर बदलली. १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे महाराष्ट्रात साखर घरची झाली. त्याच वर्षी म्हैसूरला अन्नसंशोधनाची केंद्रीय संस्था निघाली. फळांपासून केलेल्या पदार्थांचा कारखानदारी धंदा १९५५ च्या हुकुमाने नियमांत आला. कोकणात डबाबंद रसाचे कारखाने उभे राहिले. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ सालचे; त्याने आंब्या-कोकमाच्या नव्या जाती दिल्या. भिवंडीत मात्र माग वाढले, मागांमागून गोदामे आली, आणि परसू आक्रसले. लोणचे आता दुकानात मिळते. साठे पाकिटात मिळतात.

तरीही एक गोष्ट तशीच राहिली आहे. जूनच्या तोंडावर रानातली बाई जांभळांची, करवंदांची पाटी घेऊन रस्त्याकडेला बसते. संध्याकाळपर्यंत जे विकले गेले ते विकले. उरले त्याला दुसऱ्या दिवशी किंमत नाही. तिच्या पाठीमागे जगातला हर प्रकारचा माल ठेवायला उंच गोदामे उभी आहेत. तिच्या पाटीला मात्र तेथे जागा नाही. मिठावर कर नाही, साखर दुर्मिळ नाही, विद्या तर कधीच नव्हती अशी नाही. उरला आहे तो थंडाव्याचा, भांडवलाचा आणि जवळच्या बाजाराचा प्रश्न, म्हणजे साधनांचाच.

सुकाळ झाडावर मोजायचा नसतो, हा या इतिहासाचा धडा. झाड फक्त फळ देते. त्याचे अन्न होते की खत, हे त्या महिन्यात कोणाच्या हाती काय आहे त्यावर ठरते. आमच्या आज्या-पणज्यांनी पुष्कळसे वाचवले ते उन्हाच्या बळावर, आणि मिठाचा आणा कोठून तरी काढून. या दिवाळीला फराळाच्या ताटात लोणच्याची फोड वाढताना त्या आण्याची आठवण ठेवायला हरकत नाही.