पिंपाचें तोंड आणि तोटी

पोशेरा हें गांव आजच्या पालघर जिल्ह्यांत, जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत आहे. बिअरचें पिंप आणि त्यास लावावयाची तोटी यांच्या इतिहासाचा आरंभ आम्ही अशा गांवापासून करावा, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु भांड्याचें तोंड आणि त्यास जोडावयाची नळी यांचें जमावें कसें, हा प्रश्न कोठें उद्भवतो व कोठें उद्भवतच नाहीं, हें पाहावयाचें तर मोहाच्या झाडाखालूनच निघालें पाहिजे.

चैत्राच्या सुमारास या भागांत मोहाचीं फुलें गळतात. वारली, कोळी, ठाकूर, कातकरी कुटुंबें तीं वेचून वाळवीत. कांहीं खाण्यासाठीं ठेवीत, कांहीं मडक्यांत भिजवून आंबवीत. आंबवण चुलीवर चढवावयाचें, मडक्यावर दुसरें भांडें ठेवावयाचें, वाफ थंड पाण्यानें निववावयाची आणि थेंब नळीनें बाहेर आणावयाचे, एवढीच ती भट्टी. दोन भांड्यांमधील फट ओल्या मातीनें लिंपली कीं काम झालें. मडकें फुटलें तर दुसरें येई. त्याचें तोंड बोटभर रुंद असलें तर माती थोडी अधिक लागे. मापाची गरजच नव्हती, कारण मडकें, नळी आणि सांधा एकाच घरचीं होतीं.

हें घरपण कायद्यानें मोडलें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकारी परवान्याखालीं आला, आणि उरणच्या मोठ्या भट्ट्यांची दारू मक्तेदारांच्या दुकानांतून विकली जाऊं लागली. (जव्हार हें तेव्हां निराळें संस्थान होतें, मोखाडा ब्रिटिश ठाणें जिल्ह्यांत मोडे.) तेवढ्यानें भागेना म्हणून १८९२ मध्यें ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं खुद्द मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. मद्यपानाचे आम्ही कैवारी नाहीं. पण जें फूल टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देतें, तें बाळगण्यावर निर्बंध घालणें यास सुधारणा म्हणणें आम्हांस जड जातें. महसुलाची चिंता त्यांत नीतीच्या चिंतेहून मोठी होती. करणारा एक, विकणारा दुसरा आणि पिणारा तिसरा, अशी फारकत येथें झाली.

विलायतेंत बिअरच्या बाबतींत ही फारकत जुनीच होती, पण तिचा जाच लांकडानें झांकून ठेवला. एकोणिसाव्या शतकांत तिकडून मुंबई बंदरांत लांकडी पिंपांतून बिअर येई. इंग्रजी बॅरल ३६ गॅलनांचें. पिंपाच्या बुचांत तोटी हातोड्यानें ठोकावयाची. लांकूड दबे आणि फट आपोआप बुजे. पोशेऱ्याकडे जें माती करी, तें येथें लांकूड करी.

विसाव्या शतकांत धातूचीं बंद पिंपें आलीं, त्यांस केग म्हणतात, आणि ही उदारता संपली. केगच्या आंत कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो. तोंडाशीं स्प्रिंगची झडप असून तेथून एक नळी तळापर्यंत जाते. या तोंडावर बसणाऱ्या जोडास कपलर म्हणतात. तो बसवून मूठ दाबली कीं झडप उघडते. वायु आंत शिरतो आणि बिअरला नळीवाटे वर ढकलतो. एकाच तोंडांतून जाण्याची व येण्याची अशा दोन वाटा. येथें माती लिंपून भागत नाहीं.

आणि हें तोंडही सर्वत्र सारखें राहिलें नाहीं. आज ए, डी, जी, एम, एस, यू अशा अक्षरांनीं हे कपलर ओळखतात. अमेरिकेंत बहुधा डी, युरोपांत पुष्कळ ठिकाणीं एस. जर्मनींत ए आढळतो, तो बाजूनें सरकवावा लागतो. गिनेसच्या पिंपास यू. खरी फसगत डी आणि एस यांची. दोन्ही वरून बसवून फिरवावयाचे, दिसण्यांत जुळे भाऊ. पण एसची मधली दांडी किंचित् लांब असते. बळेंच दाबून बसवूं गेल्यास झडपेचें रबर बिघडतें, वायु गळतो, नुसता फेस हातीं येतो. म्हणून आधीं पिंपाचें तोंड पाहावें, संशय असल्यास कारखान्याकडून अक्षर विचारून घ्यावें, मगच कपलर उचलावा. आंत दाब असतांना नळी उपटण्याचा खटाटोप तर कधींच करूं नये. ती गोळीसारखी उसळते, आणि त्यांत माणसें दगावलीं आहेत.

जोड न जुळण्याची किंमत एका शहरानें फार मोठी मोजली. ७ फेब्रुवारी १९०४ रोजीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें आग लागली. दूरदूरच्या शहरांतून बंब धांवून आले, पण कित्येकांच्या नळांचे जोड तेथील पाण्याच्या तोट्यांस बसेनात; दीड हजारांवर इमारती जळाल्या. स्क्रूच्या आट्यांचें माप एकच असावें, असें इंग्लंडांत व्हिटवर्थनें सुचविल्यास तेव्हां साठांवर वर्षें लोटलीं होतीं. त्यानें तें १८४१ मध्येंच सांगितलें होतें.

महाराष्ट्रांत १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर असल्या पिंपांचा विचार दीर्घ काळ मागेंच राहिला. २००९ मध्यें पुण्यांत डूलाली ही लहान भट्टी सुरू झाली. अशा भट्टींत बिअर करणारा व पाजणारा एकाच छपराखालीं असतो. त्यानें एक अक्षर ठरविलें कीं भांडें, नळी आणि सांधा पुन्हां एका घरचीं होतात. परक्या कारखान्याचें पिंप दाराशीं आलें म्हणजे मात्र त्यासही वाकून त्याचें तोंड पाहावें लागतें.