आजीच्या घरातली लक्ष्मी रद्दीत घालू नका

मंडळी, या सुट्टीत गावचं घर रिकामं करायला जाताय? मग भिंतीवरची देवादिकांची जुनी चित्रं आधी नीट उतरवून बघा.

राजा रवि वर्मांची तैलचित्रं राजेरजवाड्यांच्या महालात होती. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, आणि तीच लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या खोलीतही आली. (पुण्याची चित्रशाळा त्याआधीची, १८७८ ची. तिला विसरू नका!) दगडावरून छपाई व्हायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. वरून वॉर्निश मारलं की तैलचित्राचा भास व्हायचा. छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, कर्जापायी जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांना विकावा लागला. सिनेमा काढण्याआधी दादासाहेब फाळकेही तिथे काम करत होते, हे मुलांना जरूर सांगा. १९७२ मध्ये तिथे आग लागली आणि बरंच काही जळून गेलं.

आता पैशाचं. नुसतं जुनं म्हणजे महाग, असं नसतं. ही चित्रं ढिगाने छापली गेली, त्यामुळे नेहमीच्या लक्ष्मीपेक्षा क्वचित दिसणारा विषय संग्राहकांना जास्त हवा असतो. खरी गंमत असते कडेला! खालच्या पांढऱ्या पट्टीवर छापखान्याचं नाव असतं; फ्रेममध्ये बसवताना नेमकी तीच पट्टी कापलेली असते, आणि किंमत तिथेच घसरते. कुणी हौसेने साडीवर जरी-टिकल्या चिकटवल्या असतील तर काढू नका. मला तर तीच चित्रं जास्त आवडतात, आणि संग्राहकही ती शोधत असतात. ओल्या फडक्याने पुसणं, लॅमिनेट करणं तर नकोच.

नक्कल ओळखायला भिंग घ्या. जाळीसारखे एकसारखे ठिपके दिसले तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. दगडाच्या छपाईत ठिपके वेडेवाकडे असतात.

आणि हो, बॅगेत भरायची घाई नको. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी कलाकृती आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या. दाखला नाही मिळाला तर तिकडेच एखाद्या भाचीच्या घरी लावा, आणि इकडे चांगला फोटो घेऊन या. फोटो घेताना ती खालची पट्टीही येऊ द्या.