फुटलेली शाई

मागच्या रविवारी नेरूळमध्ये हातकागदाच्या कार्यशाळेला गेलो होतो. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला कधीतरी हाताने काहीतरी करावंसं वाटतं, यापलीकडे कारण नव्हतं. सोबत ऑफिसच्या रद्दी प्रिंटआउट्सचा गठ्ठा होता. भिजवलेले तुकडे मिक्सरमधून काढले, लगदा टबातल्या पाण्यात सोडला, जाळीची चौकट बुडवून आडवी उचलली. पाणी निथळत असताना चौकट अलगद हलवायची, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. ऐकायला सोपं आहे. माझे पहिले तीन कागद एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला भोकाचे निघाले. चौथा कसाबसा कापडावर उतरला. वाळल्यावर त्यावर शाईच्या पेनाने नाव लिहिलं, तर शाई टिपकागदासारखी फुटली.

त्या फुटलेल्या शाईपायी घरी येऊन रात्री वाचत बसलो.

आपल्याकडे कागदाची गावं होती. वेरूळला जाताना दौलताबाद मागे पडलं की कागजीपुरा लागतो. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांशी या गावाची परंपरा जोडली जाते. कुकडीकाठचं जुन्नरही कागदासाठी प्रसिद्ध होतं. पुण्याच्या कसबा पेठेत मुठेजवळ कागदीपुरा हे नाव अजून आहे. वस्त्या पाण्याजवळच असणार, कारण या कामात धुणंच फार. तागाची जुनी पोती, दोर, जाळी तोडून चुन्यात मुरवायची, पायाने चालणाऱ्या जड हातोड्याखाली कुटायची, धुवायची, पुन्हा कुटायची. मिक्सर तंतू कापतो. कुटण्याने तो पिंजला जातो आणि त्याची लांबी बरीच टिकते. माझ्या प्रिंटआउट्समधले तंतू मुळातच आखूड, त्यावर मी पाती फिरवली. कागद फाटणारच.

जमिनीतल्या हौदाशी बसून गवताच्या काड्यांच्या चटईवर कागद उचलायचा आणि ओला असतानाच भिंतीवर चिकटवून वाळवायचा. मग खळ लावायची. त्यानंतर गुळगुळीत दगडाने घोटायचं. आम्ही नेरूळमध्ये शेवटची दोन्ही कामं गाळली होती. शाई फुटली ती त्यामुळे.

हे करणारे कागदी बहुतेक मुसलमान होते. धंद्याचं नाव पुढे आडनावही झालं. पेशवे दप्तरातल्या मोडी कागदांमधून सरदेसायांनी १९३० नंतर पंचेचाळीस खंड काढले. त्या कागदांवरच्या तारखा, सह्या, शिक्के यांवरून आपण आजही हमरीतुमरीवर येतो. पण ज्या पानावर बोरू न अडखळता चालला, त्या पानावर करणाऱ्याचं नाव नसतं. कारकुनाचं अक्षर ओळखणारे अभ्यासक आहेत. कागद उचलणाऱ्याचं मनगट कोण ओळखणार? मीही त्या रात्रीपर्यंत कागदाला फक्त पार्श्वभूमी समजत होतो, स्क्रीनसारखी.

एकोणिसाव्या शतकात गिरणीचा आणि विलायती कागद स्वस्तात आला आणि कागद्यांचे हौद कोरडे पडत गेले. लाकडाच्या लगद्याचा, तुरटी घातलेला हा कागद आम्लधर्मी असतो. म्हणूनच आजोबांच्या काळातली पुस्तकं हातात तुकडे होतात, आणि त्यांच्याहून कितीतरी जुनं दप्तर अजून उलगडता येतं. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या आग्रहातून आणि के. बी. जोशींच्या खटपटीतून १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. हुन्नर उरला, पण आता तो बहुतेक लग्नपत्रिका आणि भेटवस्तूंच्या पिशव्यांमध्ये दिसतो. मी स्वतःही अशी पिशवी खिळ्याला अडकवून ठेवली आहे; टाकवत नाही.

उरलेल्या एका कागदाला काल भाताची पेज लावली. आई म्हणाली, "साडीला खळ देतात तसंच की हे!" वाळल्यावर स्टीलच्या वाटीच्या बुडाने अर्धा तास घोटला. हात भरून आला. मग तेच पेन घेऊन नाव लिहिलं. पहिली तीन अक्षरं स्वच्छ उमटली. शेवटच्या अक्षराशी, जिथे मी घोटायचा कंटाळा केला होता, तिथे शाई पुन्हा फुटली.