गोळी लागल्यावर माणूस खरंच मागे उडतो का?

सिनेमात हिरो गोळी झाडतो आणि व्हिलन चार-पाच फूट मागे उडून काचेवर आदळतो. प्रत्यक्षात असं होत नाही. पिस्तूल सोडाच, रायफलची गोळीसुद्धा माणसाला मागे फेकत नाही. कारण शाळेत शिकलेल्या संवेगात आहे.

आधी गणित करू

धक्का किती बसणार हे संवेगावर, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यावर ठरतं. ९ मिमी पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेगाने जाते. तिचा संवेग: ०.००८ × ३६० = २.९.

ही गोळी ७० किलोच्या माणसाच्या शरीरात अडकली, तर तोच संवेग आता ७० किलोंना हलवणार: २.९ ÷ ७० = ०.०४. म्हणजे सेकंदाला फक्त ४ सेंटिमीटर! एके-४७ची गोळी घेतली तरी सुमारे ८. आपण साधं चालतो तेव्हा हाच वेग १४०च्या आसपास असतो. गोळी आरपार गेली, तर धक्का आणखी कमी.

दुसरा पुरावा न्यूटनचा तिसरा नियम. गोळीला पुढे जेवढा संवेग मिळतो, तेवढाच बंदुकीला मागे मिळतो. बाहेर पडणाऱ्या गॅसमुळे थोडा जास्तच. व्हिलन उडणार असेल, तर हिरोही उडायला हवा.

मग गोळी जीव कशी घेते?

क्रिकेट बॉलशी तुलना करा:

• ९ मिमी गोळी: संवेग २.९, गतिज ऊर्जा सुमारे ५२० जूल
• १६० ग्रॅमचा बॉल, ताशी १४० किमी: संवेग ६.२, गतिज ऊर्जा सुमारे १२० जूल

बॉलचा धक्का गोळीच्या दुप्पट आहे, तरी तो अंगावर बसलेला बॅट्समन उडत नाही. पण ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते, त्यामुळे तिथे गोळी चौपटीने पुढे. शिवाय ही ऊर्जा जेमतेम ९ मिमी रुंदीच्या जागेत उतरते आणि आतले अवयव फाडते. बुलेटप्रूफ जॅकेट हाच जोर मोठ्या भागावर पसरवतं.

माणूस पडतो कशामुळे?

मेंदूला किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली, खूप रक्त गेलं किंवा जबर धक्का बसला, की पाय गळतात आणि माणूस बहुतेक वेळा जागीच कोसळतो. कुठल्या बाजूला पडेल, हे तो कसा उभा होता यावर जास्त अवलंबून असतं. हातासारखा हलका भाग मात्र झटक्याने हलू शकतो.

सिनेमात स्टंटमॅनला हार्नेस बांधून केबलने मागे खेचतात. गेममध्ये डेव्हलपर फिजिक्स इंजिनला इम्पल्सचा मोठा आकडा देतो. तिथे खरा २.९ टाकला, तर ७० किलोचं कॅरेक्टर जेमतेम हलेल.

म्हणून एखादी क्लिप व्हायरल झाली आणि खाली कोणी लिहिलं, 'मागे उडाला नाही, म्हणजे फेक आहे' किंवा 'पुढे पडला, म्हणजे गोळी मागून आली', तर तेवढ्यावर विश्वास ठेवून फॉरवर्ड करू नका. पडण्याची दिशा हा गोळीच्या दिशेचा पुरावा नाही.