पहाटे तीनची पाळी

पंचवीस डॉलर भरून तुम्ही अर्धा तास घेतला आहे, पहाटे तीन ते साडेतीन. दिवसाउजेडी येता आलं असतं, पण तुम्ही मुद्दाम ही वेळ मागून घेतलीत. गर्दीच्या वेळी सोबत कोणीही करतं.

महिना मे, साल १९८५. अमेरिकेच्या वायव्य टोकाचं टकोमा हे बंदराचं शहर. युनिव्हर्सिटी ऑफ प्युजेट साउंडच्या बेकर स्टेडियमच्या फाटकातून तुम्ही आत येता आणि पहिली जाणीव होते ती गारठ्याची. मे महिना म्हणजे आपल्याकडे घामाच्या धारा. इथे जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागते. मैदानाला उंच फर वृक्षांचा वेढा आहे. वारा फिरला की कागदाच्या कारखान्याचा गंधकी वास येतो. या वासासाठी टकोमा अख्ख्या राज्यात ओळखलं जातं. जवळच रस्टनला तांबं वितळवण्याचा कारखाना होता, तो याच वर्षी मार्चमध्ये बंद झाला. त्याच्या धुरातून आर्सेनिक बाहेर पडायचं. दोनच वर्षांपूर्वी सरकारच्या पर्यावरण खात्याने इथल्या लोकांना थेट विचारलं होतं की, कारखान्यातल्या नोकऱ्या टिकवण्यासाठी कॅन्सरचा किती धोका तुम्हाला चालेल? असा प्रश्न ज्या गावाला जाहीरपणे विचारला गेला, त्या गावाला या आजाराची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

ट्रॅकवर एक माणूस चालतो आहे. तेच डॉ. गॉर्डी क्लॅट. मोठ्या आतड्याचे आणि गुदाशयाचे सर्जन. ज्यांची पोटं त्यांनी उघडली, ज्यांच्या घरच्यांना ऑपरेशननंतर बाहेर येऊन बातमी सांगितली, अशा पेशंटांची यादी त्यांच्या डोक्यात आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या स्थानिक शाखेला पैसे हवे आहेत. डॉक्टरांना मॅरेथॉन पळण्याची आवड. तेव्हा त्यांनी ठरवलं, चोवीस तास या ट्रॅकला फेऱ्या घालायच्या, कधी पळत, कधी चालत. ज्याला मदत करायची त्याने पंचवीस डॉलर द्यायचे आणि अर्धा तास आपल्याबरोबर यायचं.

तीन वाजतात. आधीचा सोबती बाजूला होतो आणि तुम्ही आत शिरता.

काय बोलायचं ते तुम्ही मनाशी जुळवून आला होतात. तुमच्या घरातलं कोण गेलं, कशाने गेलं, कळायला किती उशीर झाला. पहिल्या वळणावरच ते सगळं राहून जातं, कारण या तासाला त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षा करणं क्रूरपणाचं होईल. तुम्ही त्यांच्या पायांकडे बघत चालता. वारीत दमलेला माणूस पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवून चालतो, तसे. बुटांचा आवाज एका लयीत येतो. मध्येच एक पाऊल किंचित घासतं, पुन्हा सरळ पडतं. वळण आलं की ते आतल्या पट्ट्याला चिकटतात. एक फूटसुद्धा जास्तीचं अंतर आता परवडणारं नाही. तुम्ही आपसूक बाहेरच्या बाजूला सरकता.

हिशेब साधा आहे. उद्या हे संपेल तेव्हा त्यांचे ८३ मैल, म्हणजे सुमारे १३४ किलोमीटर झालेले असतील. विश्रांती, खाणं, बूट बदलणं सगळं धरून ताशी साडेपाच किलोमीटर. पाव मैलाची एक फेरी धरली तर तीनशे तीसहून जास्त फेऱ्या. त्यातल्या जेमतेम सात तुमच्या वाट्याच्या. चौथ्या फेरीत तुमच्या पिंडऱ्या भरून येतात आणि शेजारी चालणारा माणूस काय सोसतो आहे याचा अंदाज तुम्हाला तेव्हा येतो, त्याआधी नाही.

कडेला माणसं आहेत. चोवीस तासांत मित्र, घरचे, पेशंट मिळून जवळजवळ तीनशे जण डॉक्टरांना बघून जातील. या घटकेला मोजकीच उरली आहेत, ब्लँकेटं गुंडाळून बसलेली. त्यातले पेशंट कोण आणि नातेवाईक कोण हे ओळखता येत नाही. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट मोलाची वाटते. दवाखान्यात कॉटवर कोण आणि स्टुलावर कोण हे लगेच दिसतं, इथे सगळे एकाच गारठ्यात कुडकुडत आहेत.

साडेतीन वाजतात. तुमची पाळी संपते.

या चोवीस तासांची कमाई २७,००० डॉलर. डॉलर तेव्हा बारा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सव्वातीन लाख रुपये. एका माणसाच्या पायांनी मिळवलेले. पण फेऱ्या घालताना डॉक्टरांच्या डोक्यात दुसरंच काही घोळत होतं. आपल्याबरोबर अर्धा अर्धा तास येणाऱ्या या लोकांना संपूर्ण रात्रच का देऊ नये? एकट्याने चोवीस तास चालण्यापेक्षा प्रत्येकाने आपली टोळी करावी, टोळीतलं कोणी ना कोणी सतत ट्रॅकवर असावं. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी समिती जमवली. १९८६ साली टकोमाच्याच स्टेडियम बोलमध्ये १९ संघ उतरले आणि ३३,००० डॉलर जमले. हाच उपक्रम पुढे ‘रिले फॉर लाइफ’ झाला. तो देशोदेशी गेला आणि त्यातून जमलेली रक्कम पाच अब्ज डॉलरच्या पुढे पोचली. आजारातून उठलेल्यांची मानाची फेरी आली, अंधार पडल्यावर गेलेल्यांची नावं लिहिलेल्या कागदी पिशव्यांमध्ये दिवे लावणं आलं.

फाटकाबाहेर पडताना तुम्ही मागे वळून बघता. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, त्यामुळे त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. २०१२ साली याच माणसाला पोटाचा कॅन्सर निघेल आणि ३ ऑगस्ट २०१४ रोजी, ७१ व्या वर्षी, ते जातील. आत्ता ते लांबच्या वळणावर आहेत आणि तुमच्यानंतरचा सोबती त्यांच्या बाहेरच्या बाजूने चालतो आहे. हाक मारून सांगण्यासारखं तुमच्याजवळ काही नाही.

आता मुंबईत परळला या. टाटा मेमोरियल या कॅन्सरच्या रुग्णालयाच्या आसपास महाराष्ट्राच्या कुठल्या कुठल्या गावांतून, बिहार-बंगालमधून आलेली माणसं फायली छातीशी धरून बसलेली दिसतील. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, बाकीचे फुटपाथवर रात्र काढतात. औषधांना पैसे लागतात, खूप लागतात, आणि ते जमवणाऱ्या संस्थांना हात सैल सोडून द्यायलाच हवेत. पण क्लॅट डॉक्टरांनी पंचवीस डॉलरच्या जोडीला अर्ध्या तासाची सोबत मागितली होती, ती आपण विसरतो. पेशंटजवळ बसलेल्या बायकोला किंवा मुलाला कित्येक दिवसांत आंघोळीला, जेवायला, नुसतं झोपायला सलग वेळ मिळालेला नसतो. भेटायला जाणारे पाकीट देतात, संत्री ठेवतात, दहा मिनिटांत निघतात.

तुमच्या ओळखीत कोणाचे उपचार सुरू असतील तर पैसे द्याच. पण त्याबरोबर एक पाळीही मागून घ्या, शक्यतो रात्रीची, आणि वेळेवर जा.