उलट्या फिरकीचं लग्न

‘स्क्रूबॉल कॉमेडी’ म्हटलं की मराठी कानाला आधी डोक्याचा ढिला स्क्रूच ऐकू येतो, आणि त्या सिनेमांमधली माणसं पाहिली की खात्रीच पटते. इंग्रजीतही सैल स्क्रूचा वाक्प्रचार जुना आहे. त्याची सावली या शब्दावर पडली असणारच. पण शब्द आला मैदानावरून. एकोणिसाव्या शतकात क्रिकेटमधल्या एका फिरक्या चेंडूला स्क्रूबॉल म्हणत, पुढे तो बेसबॉलमध्ये गेला. नेहमीचा कर्व्हबॉल ज्या बाजूला वळतो, त्याच्या नेमका उलट वळणारा चेंडू. आपला गुगलीच म्हणा ना!

न्यूयॉर्क जायंट्सचा डावखुरा कार्ल हबेल हा या चेंडूचा बादशहा. मनगट उलटं पिरगळून पिरगळून त्याचा डावा हात असा झाला, की नुसता उभा राहिला तरी तळवा बाहेर वळलेला दिसे. १० जुलै १९३४ला ऑल-स्टार सामन्यात त्याने बेब रूथ आणि लू गेरिग धरून पाच दिग्गज ओळीने बाद केले. त्याच जुलैपासून हॉलिवूडमध्ये नीतिसंहितेच्या प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवणं अवघड झालं. पडद्यावर शेज दाखवायची चोरी. मग नवरा-बायकोला भांडायला लावायचं, धावायला लावायचं, चिखलात पाडायचं. तोवर बोलीभाषेत चक्रम माणसाला स्क्रूबॉल म्हणायला लागले होते. तो शब्द या चित्रपटांना चिकटला.

उलटी फिरकी सर्वांत चोख पडली आहे ती, माझ्या मते, प्रेस्टन स्टर्जेसच्या ‘द पाम बीच स्टोरी’मध्ये (१९४२). नायक टॉमला शहराच्या डोक्यावर पोलादी जाळी ताणून तिच्यावर विमानं उतरवायची आहेत. त्यासाठी हवेत ९९ हजार डॉलर, आणि इथे घरभाडं थकलेलं. बायको जेरी (क्लोडेट कोल्बेर) हिशोब मांडते: माझं तुझ्यावर प्रेम आहे, म्हणून मी तुला सोडते, श्रीमंत नवरा गाठते आणि तुझा विमानतळ उभा करते. रेल्वेत वरच्या बर्थवर चढताना तिचा पाय एका गृहस्थाच्या तोंडावर पडतो, चष्मा फुटतो. एकदा नव्हे, दोनदा. हे महाशय जॉन डी. हॅकेनसॅकर तिसरे, अब्जाधीश. नावातला जॉन डी. सरळ रॉकफेलरचा, हॅकेनसॅक हे न्यू जर्सीतलं गाव. पुढे तो तिला कपड्यांपासून दागिन्यांपर्यंत सगळं घेऊन देतो आणि प्रत्येक खर्च खिशातल्या वहीत टिपून ठेवतो. बेरीज मात्र कधीच करत नाही! कंजूष आणि उधळ्या एकाच वाक्यात बसवणं हे स्टर्जेसच करू जाणे. श्रीमंती त्याने जवळून पाहिली होती म्हणा. एकेकाळी त्याची सासू होती मार्जोरी पोस्ट, पाम बीचवरच्या मार-अ-लागोची मालकीण. चित्रपटाचं नावही आधी ‘लग्नाची गरज आहे का?’ असंच काहीसं ठरलं होतं. ते कोणी चालू देणार नव्हतंच.

गंमत म्हणजे जेरीचा हा सौदा इंग्रजीच्या पोटात आधीपासून आहे. ‘वेडिंग’मधला जुना ‘वेड’ म्हणजे तारण, वचनापोटी ठेवलेली वस्तू. त्याच जर्मानिक मुळातून, फ्रेंचच्या वाटेने, पगाराचा ‘वेज’, वाङ्निश्चयाचं ‘एंगेजमेंट’ आणि घर गहाण टाकायचं ‘मॉर्गेज’ आलं. सगळी सावकाराच्या पेढीवरची भावंडं. आपला ‘लग्न’ हा शब्द ‘लग्’ म्हणजे चिकटणे यावरून आलेला, ‘विवाह’ वाहून नेण्यावरून. शब्द सोवळे राहिले. व्यवहार तेवढा राहिला नाही, नाहीतर १९६१ साली हुंड्याविरुद्ध कायदा करायची वेळ कशाला आली असती?

काडीमोडाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा एका पानात जेवतात. ‘अ‍ॅलिमनी’ लॅटिनमधल्या ‘पोसणे’ या क्रियापदावरून, आपली पोटगी पोटावरून. पोट भरण्याची सोय, एवढाच दोन्हींचा मूळ अर्थ, आणि काडीमोडात ती सोय बहुधा सोडून दिलेल्या बायकोच्या भाकरीची. जेरी इथेही चेंडू उलटा वळवते: सोडून निघाली बायको, आणि पैसे हवेत नवऱ्यासाठी.