नाव काढणे आणि नावे ठेवणे

उर्दू माध्यमाच्या शाळेतली आपली मुले मराठीचे व्याकरण पाठ करतात, पण वाक्प्रचारांपाशी अडतात. त्यातही कीर्ती, नावलौकिक, मानमरातब यांचे वाक्प्रचार आले की हमखास गोंधळ होतो. 'मुलीने आईबापाचे नाव काढले' या वाक्यात कौतुक आहे हे त्यांना पटत नाही. त्यांच्या कानावर 'नाम निकाल दिया' पडते ते हजेरीपटावरून नाव कमी झाल्यावर! 'बाप का नाम रख लिया' म्हणजे बापाची इज्जत राखली. मराठीत मात्र 'नावे ठेवली' म्हणजे निंदा केली. 'पुस्तक प्रसिद्ध झाले' याचा अर्थ मुले 'किताब मशहूर हो गई' असा लावतात. खरे तर ते फक्त छापून बाहेर आलेले असते. 'मशहूर डाकू' उर्दूत चालतो, मराठीत त्याला 'कुप्रसिद्ध' व्हावे लागते.

अशा उत्तरांवर लाल रेघ ओढली जाते. गुण गेले तर पुढच्या परीक्षेत भरून काढता येतात. पण मराठी ही आपली भाषाच नव्हे, असे त्या रेघेमुळे मुलाच्या मनात एकदा बसले की ते काढणे अवघड जाते. आम्हा शिक्षकांना काळजी वाटते ती याची. आपल्या जिल्ह्याचा इतिहास तर नेमके उलटे सांगतो.

मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली आणि आपल्या नावाने अहमदनगर शहर वसवले. १६३६ पर्यंत टिकलेल्या या राजवटीत दरबारात फारसी होती, तर गावगाडा मराठीत चालत होता. देशमुख, कुलकर्णी, किल्लेदार, कारकून यांचा दोन्हींशी रोजचा संबंध. दख्खनच्या इतर सुलतानींतही हेच चालले होते. त्यातून मराठीत जे शब्द आले त्यांत प्रतिष्ठेचे शब्द पुष्कळ आहेत : अब्रू, इज्जत, शान, इभ्रत, बदनाम, मातब्बर, नामी. 'मानमरातब' यातला 'मरातब'ही अरबीच. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश तयार झाला आणि सुमारे १४०० दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. तरीही घराघरात रुळलेली 'अब्रू' मराठीत राहिली ती राहिलीच.

मात्र नव्या घरी आलेल्या शब्दांनी अर्थ बदलले. उर्दूत 'नामी' म्हणजे नामांकित. मराठीत 'नामी युक्ती' म्हणजे उत्तम युक्ती, तिला कोणी ओळखत नसले तरी. उर्दूत 'इबरत' म्हणजे दुसऱ्याच्या दशेवरून घ्यायचा धडा. मराठीत 'इभ्रत' म्हणजे प्रतिष्ठा. उर्दूतला 'मोतबर' विश्वासू असतो, मराठीतला 'मातब्बर' वजनदार, पैसेवाला. इबरत, ऐतबार आणि मोतबर हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. म्हणजे आपले मूल जिथे चुकते, तिथे बहुधा एखाद्या शब्दाने शतकांपूर्वी वळण घेतलेले असते. उलट कुठे कुठे दोन्ही भाषा एकाच वाटेने गेल्या आहेत. जुन्या उर्दूत 'नाम धरना' म्हणजे नाव देणे आणि दोष लावणेही. मराठीच्या 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत तीच जोडी दिसते.

नाव होणे आणि नाव मागे पडणे यांतला फरक शिकवायला आपल्याकडे डोंगरावर उभे असलेले उदाहरण आहे. शहराजवळच्या ज्या तीन मजली अष्टकोनी वास्तूला सगळे 'चांदबीबी महाल' म्हणतात, ती खरे तर मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात किल्ला लढवला आणि तिचे नाव झाले, इतके की दुसऱ्याच्या कबरीलाही ते चिकटले. सलाबतखानाचे नाव त्याच्याच कबरीवरून मागे पडले. हे सांगितले की वाक्प्रचार मुलांच्या लक्षात राहतो.

आणि याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्यात शेख महंमद होऊन गेले. 'योगसंग्राम' हा ग्रंथ त्यांनी १६४५ मध्ये मराठीत लिहून पुरा केला. एका मुसलमान संतकवीचे नाव मराठी वाङ्मयात पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ आदराने घेतले जाते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. कायदा पुस्तक हातात देतो. भाषेविषयीचा आपलेपणा घरातून आणि वर्गातून द्यावा लागतो. म्हणून आमची शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे. मुलाने 'नामी'चा अर्थ 'मशहूर' लिहिला तर मराठी अर्थ जरूर शिकवावा. पण हा शब्द तुझ्या उर्दूतही आहे आणि तुझ्याच जिल्ह्यात दोन्ही भाषा शेजारी नांदल्या, हेही त्याला सांगावे. मग ते मूल मराठीला नावे ठेवणार नाही, आणि पुढे त्याच भाषेत नाव काढण्याची उमेद धरील.